जमेची बाजू

बावीस वर्षं पतसंस्थेची पिग्मी गोळा करतोय.
पापाच्या तिकटीपासून गुजरीपर्यंत, लुनावर,
खांद्याला रेक्झिनची पिशवी.
कुणाच्या गल्ल्यात दहाच्या नोटा कुठल्या कप्प्यात
हे मला त्यांच्या बायकांपेक्षा नीट ठाऊक.
आणि रविवारी देवळात मी खजिनदार.
म्हणजे सातही दिवस दुसऱ्यांचेच पैसे.

दानाच्या थैलीला आतून मखमल आहे,
नाणं पडलं तरी वाजत नाही.
जिनं कुणी ती शिवली
तिला माणसं माहीत असणार.

मध्यंतरी पुण्याहून एक प्रचारक आले.
पांढरा सूट, गालाशी माइक.
हजार पेरा, म्हणाले, लाख कापा,
ज्याचा खिसा रिकामा त्याचा विश्वास उणा.
मागच्या बाकावर सोस्थनेसकाका,
दोन बोटं उद्यमनगरच्या फाउंड्रीत गेलेली.
पंजाकडे बघत बसले होते,
जणू तिथंच काही पेरायचं राहून गेलं.
मी मनात व्याज काढलं. सवय.
शंभरपट.
एवढा दर तर शेजारच्या संस्थेनं
बुडायच्या आदल्या वर्षीसुद्धा दिला नव्हता.

आता माझं सांगतो.
पाच वर्षांपूर्वी, जूनमध्ये,
कौलांच्या निधीतून मी चोवीसशे उचलले.
करुणाची नर्सिंगची फी, मिरजेला, शेवटची तारीख.
उसने, असं स्वतःशी म्हणालो.
उसने घेणारा निदान विचारतो तरी.

ऑगस्टात तपासणीस आले, इचलकरंजीचे आवळे गुरुजी,
थुंकी लावून एकेक पावती उलटणारे.
राजीनामा लिहून मी शर्टाच्या खिशात ठेवलेला.
घामानं त्याची घडी चिकटली.
त्यांनी पेटी उघडली. मोजली. परत मोजली.
"बरोबर आहे, शांतवन. पै न् पै."

पेटीला दोन किल्ल्या.
एक माझ्याकडे,
दुसरी दारामागच्या खिळ्याला,
जिथं अख्खी मंडळी छत्र्या अडकवते.

तेव्हापासून एका पाकिटात चोवीसशे घेऊन फिरतोय.
परत टाकावेत, तर जुळलेला ताळा बिघडतो.
द्यावेत, तर कुणाला?
प्रार्थनेत डोळे मिटायच्या वेळी
मी एकेका बाकावरून नजर फिरवायचो.
सगळ्यांवरच संशय यायचा, चांगुलपणाचा.
सवाई वाईट वाटायचं त्यानं.

परवा उपकारस्तुतीचा रविवार झाला.
वेदीपुढं ऊस, कोडोलीचा गुळाचा रवा, भोपळे,
आणि पाय बांधलेला एक कोंबडा,
भलत्याच ठिकाणी आमेन म्हणणारा.
मग अंगणात लिलाव.
फाउंड्रीवाल्या घाटगेसाहेबांनी चार हजाराला भोपळा घेतला,
ज्यांनी आणला त्यांनाच परत दिला. टाळ्या.
माणूस वाईट नाही. भोपळाही खरंच चांगला होता.

शेवटी अलीशिबामावशींनी पदराखालून काढली
चप्पल. एकच. डाव्या पायाची.
नवरा गेल्यापासून ठोकणं, शिवणं त्यांच्याच हातात.
"उजवीचं कातडं अजून भिजतंय," म्हणाल्या,
"पर रविवार आजच हाय न्हवं."

हशा पिकला. एका चपलेला बोली कोण लावणार?
"चोवीसशे," मी म्हणालो.
कोंबडासुद्धा गप्प झाला.

मावशींनी माझ्याकडे नीट बघितलं,
माप घेताना पायाकडे बघतात तसं.
"शंभराची वस्तू हाय. शंभरच लिव्हा.
बाकीचं कवाच फिटलंय."

कशाचं, ते मी विचारलं नाही.
त्यांनी सांगितलं नाही.
चप्पल हातात घेतली तेव्हा ती अजून तेलकट होती,
नव्या कातड्याचा उग्र वास,
आणि मापाची, देवाशपथ, माझ्याच पायाच्या.

रात्री वही उघडली.
जमेच्या बाजूला शंभर.
पाकिटात तेवीसशे उरले, जड तेवढेच.
शेऱ्याच्या रकान्यावर बराच वेळ पेन धरून बसलो.
मग लिहिलं:
उजवी, येणे बाकी.